टोक

मंगळवारी केमियार्वीला माझी खोली उघडते,
आरोग्यकेंद्राच्या मागच्या अंगाला, जिथे पूर्वी स्ट्रेचर ठेवत.
एक टब, दोन खुर्च्या, उकळून काढलेली हत्यारं,
आणि खिडकीत मार्च, अजून कमरेएवढ्या बर्फात उभा.

लोक आत येतात आणि आधी माफी मागतात.
चर्चमध्ये मान ताठ ठेवणारी माणसं
मोजा काढताना माझ्याकडे बघत नाहीत.
मी पाय हातात घेते, वजन करावं तसा.
पायाला कुरूप होतं. माणूस नाही होत.
हे मी मोठ्याने कधी म्हणत नाही,
पाणी कोमट आहे ना, एवढंच विचारते.

सकाळी वेन्ला आली, पंधरा वर्षांची, स्कीच्या शर्यतीवरून.
नख जांभळं-काळं, खाली रक्त साकळलेलं.
पडेल का? पडेल.
दुखेल का? आत्ता दुखतंय त्याहून कमी.
ओढू नकोस. पट्टी बांध. बूट अर्ध्या नंबराने मोठे घे.
नवं आलं की सरळ काप,
कोपरा कोरत बसलीस तर तो मांसात शिरून सूड घेतो.
तिने सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. 'सूड'सुद्धा.

मग टाइस्तो.
वय एकोणनव्वद. लेकीने दारात सोडलं
आणि ती गाडीतच बसून राहिली, इंजिन चालू ठेवून.

तरुणपणी नदीतून ओंडके हाकणाऱ्या टोळीत होता.
एका वसंतात ओंडका घसरला आणि अंगठ्यावर बसला.
मुकादमाने सुई लाल करून नखाला भोक पाडलं,
चिळकांडी उडाली, ठणका थांबला,
वर स्प्रूसच्या राळेचं मलम,
दुपारी पुन्हा पाण्यात.
ते नख गेलं. नंतर आलं ते रागावून आलं,
जाड, पिवळं, मेंढ्याच्या शिंगासारखं वळत.

इतकी वर्षं कोण कापायचं?

हिल्या.
शनिवारी, सौनातून निघाल्यावर, नखं मऊ असताना,
पाय मांडीवर घेऊन.
बापाकडून आणलेली कानस होती तिची, घोड्यांचे खूर तासायची.
बासष्ट वर्षं. भांडण झालेल्या शनिवारीसुद्धा.
त्या शनिवारी जरा जोरात.

तिला जाऊन तीन हिवाळे झाले.

वीस मिनिटं पाय पाण्यात.
तो पाण्याकडे बघत होता, मी घड्याळाकडे.
शिंग शेजारच्या बोटात रुतलं होतं, खाली जखम, थोडा पू.
त्याला ते जाणवतच नव्हतं. साखरेच्या आजारात
पाय आधी दुखणं विसरतात, मग बाकीचं.

कात्री लावली तसा त्याने पाय मागे घेतला.
टोक राहू दे.
मी समजावलं. बोट जाईल, टाइस्तो.
माहीत आहे, तो म्हणाला. मुळापासून काप हवं तर. टोक राहू दे.

असं होत नाही, हे त्यालाही कळत होतं.
मी भिंग ओढून घेतलं, काहीतरी करायचं म्हणून.
म्हातारं नख महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर पुढे सरकतं.
टोकावर ओरखडे होते,
तिरके, सगळे एकाच बाजूने गेलेले,
खडबडीत कानशीचे.

मग मी घाई केली नाही.
थर थर करून, मागून कापत आले,
कट्ट आवाज झाला आणि तुकडा जाळीच्या कापडावर पडला.
स्पिरिटने पुसला. नियमात बसत नाही, तरी पुढे धरला.
त्याने खारट गोळ्यांची पत्र्याची डबी काढली,
उरलेल्या दोन गोळ्या तोंडात टाकल्या,
आणि तुकडा आत ठेवून झाकण दाबलं.

जखम धुतली, सुकवली, पट्टी केली.
कार्डावर लिहिलं: उजवा अंगठा. सहा आठवड्यांनी पुन्हा.
बाहेर लेकीने हॉर्न वाजवला, एकदाच.

उरलेली कड अजून खरखरीत होती.
मी कानस उचलली,
क्षणभर थांबून बाजू बदलली,
आणि तिरकी फिरवू लागले.

जरा जोरात, टाइस्तो म्हणाला.